आईच्या टीव्हीला तुमचा आवाज

बाबा, तुमच्या गाण्यांच्या रिसीव्हरवरचा कपडा मी काढला. तुम्ही असतात तरी काढला असता, असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. तुम्ही असतात तर मी त्याच्या हातभर अंतरावरही गेले नसते. सोळा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि सोळा वर्षं तो नेरूळच्या घरात त्याच कोपऱ्यात, त्याच बुटक्या कपाटावर, जुन्या चादरीच्या तुकड्याखाली बसून होता. आई रोज केर काढते, खिडकीचे गज पुसते, देवाच्या तसबिरीमागची कोळिष्टकं काढते, पण त्या कापडावरून तिने कधी हात फिरवला नाही. मी ते उचललं तेव्हा धूळ उडाली नाही. जाड थर झाला होता, तो कापडासकट घडी होऊन आला.

कारण झालं टीव्हीचं. धाकट्याने, म्हणजे तुमच्या लेकाने, बंगळुरूहून आईसाठी नवा टीव्ही पाठवला. भिंतभर आणि पाटासारखा पातळ. दोन माणसं आली, भिंतीला भोकं पाडून टांगून गेली. चित्र इतकं लख्ख की निवेदिकेच्या गालावरची पावडर दिसते. पण आवाज पाठीमागून येतो, भिंतीवर आपटून, आणि पत्र्याच्या डब्यात कुणी बोलावं तसा ऐकू येतो. आईचे कान आता गेलेत. म्हणजे पुरते गेले नाहीत, डाव्या कानाला मशीन आहे. समोर बसून बोललं की तिला सगळं कळतं, पण टीव्हीतली माणसं काय म्हणतात ते कळत नाही. पहिले पंधरा दिवस ती काही बोलली नाही. मग एकदा मी रविवारी गेले तेव्हा ती नुसती चित्रं बघत बसली होती, आवाज पार बंद. मी विचारलं तर म्हणाली, समजत नाही तर कशाला उगीच गोंगाट. एकटी बाई, दिवसाचे चौदा तास त्या दोन खोल्यांत, आणि समोर माणसं तोंडं हलवताहेत. मला ते बघवलं नाही.

धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, नवा स्पीकर मागवतो, टीव्हीखाली ठेवायची पट्टी असते. मी म्हटलं, घरात एवढे दोन मोठे स्पीकर पडलेत, रिसीव्हर आहे, त्यालाच जोडू. तो हसला. म्हणाला, बाबांचा? तो चालू तरी होईल का, आणि तुला नाही गं जमायचं, एखादा टेक्निशियन बोलाव. वाईट हेतूने बोलला नाही तो. त्याला वाटतच नाही की मला जमेल, जसं मांजराला पोहता येईल असं कुणाला वाटत नाही. हे त्याला तुम्ही शिकवलंत. बाकी शिकवलेलं तो सगळं विसरला, एवढं राहिलं.

तुम्हाला आठवत असेल रिसीव्हर घरी आला तो दिवस. आपण नेरूळला राहायला येऊन सहाएक महिने झाले होते. स्टेशन अजून व्हायचं होतं, समोरच्या सेक्टरात नुसती माती आणि सळया. तुमचा आतेभाऊ आखातातून आला होता, त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो आणला. रुपेरी तोंड, जड बटणं, आणि चालू केला की रेडिओच्या पट्टीवर निळसर उजेड. मी आठवीत. मी म्हणाले, बाबा, केवढा मोठा रेडिओ. तुम्ही म्हणालात, रेडिओ नाही म्हणायचं, रिसीव्हर म्हणायचं. मग तुम्ही धाकट्याला जवळ बसवलंत. तो तिसरीतून चौथीत गेलेला, नाकातून शेंबूड येतोय, आणि तुम्ही त्याला सांगताय की ह्या मागच्या बाजूच्या जोड्या, लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. मला तुम्ही सांगितलंत, आईला हाक मारतेय बघ, कणीक मळायची असेल.

पुढे प्रत्येक रविवारी तेच. तुम्ही कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, अख्ख्या प्लँटची मीटरं तुमच्या हाताखालची, ठाणे-बेलापूर रोडवर तुमच्या हाताचं नाव होतं. ते ज्ञान मुलाला द्यायचं म्हणून तुम्ही सकाळी दहाला बैठक मारायचात. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय, दार उघडं. तुमचा आवाज येतोय. ‘फोनो’ लिहिलेल्या ठिकाणी फक्त तबकडीचं मशीन लावायचं, दुसरं काही लावलंस तर स्पीकर फाडून ठेवशील. ‘ऑक्स’ला काहीही चालतं. स्पीकरच्या तारेचा एक धागा जरी शेजारच्या तारेला टेकला तरी आत जळेल. बटण फिरवायचं ते हळू, रिसीव्हर बंद करताना आधी आवाज शून्यावर आणायचा. धाकटा जांभया देतोय, त्याला खाली क्रिकेटला जायचंय. मी लाटणं थांबवून ऐकतेय. आई एकदा म्हणाली, पोळी सुकली बघ. मी लाटायला लागले, पण कान तिकडेच. असं मी सगळं शिकले, बाबा. पोळपाटावरून.

नववीतली ती दुपार. तुम्ही दुसऱ्या पाळीला गेला होतात. डावा स्पीकर दोन दिवस मुका झाला होता आणि तुम्ही म्हणाला होतात की आतली कॉइल गेली, मुंबईला न्यावा लागणार. मला राहवलं नाही. कापड काढलं, रिसीव्हर भिंतीपासून वितभर पुढे ओढला, वायर प्लगमधून आधी काढली, आणि मागे बॅटरीचा उजेड टाकला. डाव्या स्पीकरची एक तार चिमट्यातून निसटून नुसती लोंबत होती. साफसफाईत ओढली गेली असणार. मी तांब्याचे धागे बोटांत पिळून एक केले, चिमटा दाबला, तार आत घातली. पुन्हा प्लग लावला. दोन्ही बाजूंनी आवाज आला. बाबा, त्या क्षणी मला जे वाटलं ते पुढे मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नाही. पाच मिनिटं अगदी बारीक आवाजात ऐकलं आणि सगळं होतं तसं झाकून ठेवलं. धाकटा पलंगावर बसून बघत होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रिसीव्हर लावलात आणि डावीकडून आवाज आल्यावर थबकलात. मग खाली पडलेलं कापड उचलून बघितलंत. मी ते उलट्या बाजूने घातलं होतं. कोणी हात लावला, असं तुम्ही विचारलंत. ओरडला नाहीत, दोनदा विचारलंत. मी पुढे झाले. मला वाटलं तुम्ही विचाराल, काय झालं होतं, कसं कळलं तुला. तुम्ही म्हणालात, हात पुढे कर. मी केले. तुम्ही मारलं नाहीत, नुसते माझे तळवे बघितलेत, बाजारात भाजी बघावी तसे. मग म्हणालात, “करंट बसून बोटं वाकडी झाली असती तर कोण करून घेणार होतं तुला? ह्या घरात तुझा हात पोळपाटाला लागलेला मला चालेल. ह्याला लागलेला चालणार नाही.” एवढंच. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने काही म्हटलं नाही, निदान माझ्यासमोर नाही.

हे मी गिळलं असतं. पुढच्या रविवारी तुमच्या कारखान्यातले ते तळवलीचे काका आले, खाडीचे खेकडे घेऊन. तुम्ही त्यांना डावा स्पीकर ऐकवलात आणि म्हणालात, मी मुंबईला न्यायला निघालो होतो, ह्या पोराने तार शोधून काढली. काकांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, “पोऱ्या येक नंबर हाय रं तुजा.” मी चहाचा ट्रे धरून उभी. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. दहा वर्षांच्या मुलाला मी दोष देत नाही. तुम्ही मात्र चाळिशीचे होतात, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. उचललेला कप मात्र माझ्याच ट्रेमधला होता.

दहावीनंतर मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचा फॉर्म भरला, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंच्या मदतीने. नंबर लागला. पत्र घरी आलं ते तुमच्या हातात पडलं. चार दिवस तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, पाचव्या दिवशी जेवताना सांगितलंत की कॉमर्सला नाव घातलंय, कॉलेज जवळ आहे, संध्याकाळी सातच्या आत घरी येता येईल. ते पत्र मी पुन्हा पाहिलं नाही. मी आईकडे पाहिलं. आई आमटी वाढत होती. त्या दिवसापासून मी तुमच्यावर जेवढा राग धरला त्याहून थोडा जास्तच तिच्यावर धरला. तुम्ही जसे होतात तसे होतात. पण ती काही बोलू शकली असती, असं मला वाटायचं. एक वाक्य. त्या एका वाक्याची वाट बघत मी बी.कॉम. झाले, जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात लागले, तीस वर्षं इतरांच्या मालाचे कागद भरले. लग्नात तुम्ही मला एक खिशात मावणारा ट्रान्झिस्टर दिलात. म्हणालात, स्वयंपाक करताना ऐकायला बरा. सासरच्यांना वाटलं, काय हौशी वडील आहेत. सगळ्यांनाच वाटायचं तसं. सोसायटीत तुमची ओळखच ती होती, संगीताचा शौकीन माणूस. खाली खेळताना आपल्या घरातून मोठ्याने गाणी ऐकू आली की मैत्रिणी म्हणायच्या, तुझे बाबा आज खुशीत दिसताहेत. मलाही तसंच वाटायचं. तुम्ही खुशीत असलात की आवाज मोठा, असा माझा हिशोब होता.

तर गेल्या महिन्यातला तो रविवार. मी आधी रिसीव्हर टेबलावर घेऊन पुसला. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर, जशी वाळू भरलीय. बटणांत मारायचा स्प्रे मिळतो, तो मारून शंभर वेळा मागे-पुढे फिरवलं तेव्हा खरखर गेली. मग प्रश्न आला टीव्हीचा. तुमच्या रिसीव्हरला मागे फक्त त्या लाल-पांढऱ्या जोड्या, आणि नव्या टीव्हीला तसलं काही नाहीच, एक चौकोनी भोक, त्यातून लाल उजेड येतो. स्टेशनाजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराला फोटो दाखवला. तो म्हणाला, “ताई, टीव्ही बोलतो डिजिटल. तुमच्या डब्याला ती भाषा येत नाही. मध्ये ट्रान्सलेटर लागेल.” त्याने काड्यापेटीएवढी डबी दिली. एका बाजूने उजेडाची वायर घ्यायची, दुसऱ्या बाजूने लाल-पांढरी काढायची. त्याने मला दोनदा समजावलं नाही. एकदाच सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, जसं कुठल्याही माणसाला सांगतात. मी रस्त्यात उभी राहून थोडा वेळ त्याचंच नवल करत होते.

घरी येऊन जोडलं. मागची अक्षरं पुसट झालेली, मला चष्मा, कपाटामागे हात जेमतेम जातो. चालू केलं तर काहीच नाही, नुसती टिकटिक. अर्धा तास वायरी काढ-घाल केल्यावर दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, आवाजाचा प्रकार ‘ऑटो’ असेल तो ‘पीसीएम’ करा. केला. आणि स्पीकरमधून अशी डरकाळी आली की आईच्या हातातली वाटी पडली. मी झडप घालून आवाज शून्यावर आणला. आई भिंतीला टेकून उभी, आणि माझ्या डोक्यात तुमचा रविवारचा आवाज: फोनोला दुसरं काही लावलंस तर स्पीकर फाडून ठेवशील. बॅटरी घेऊन वाकले. मी फोनोलाच लावलं होतं. लाल-पांढरी काढली, शेजारच्या ऑक्सला लावली, आणि बटण हळू फिरवलं.

टीव्हीवर कुणीतरी बाई वांग्याचं भरीत करून दाखवत होती. तिचा आवाज खोलीत आला, भरलेला, उबदार, जणू ती समोरच्या खुर्चीत बसून सांगतेय की वांग्याला आधी तेलाचा हात लावा. मी आईला म्हटलं, आता ऐक. एक अडचण आहे, टीव्हीच्या रिमोटने हा आवाज कमी-जास्त होत नाही, ते ह्या बटणानेच करायचं. आईने रिसीव्हरकडे पाहिलं. म्हणाली, “मी नाही हात लावायची त्याला.” मी म्हटलं, अगं सोपं आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. मला फार राग आला. दिवसभर खपले, कोपर खरचटलं, आणि हिला कौतुकाचे दोन शब्द नाहीत. मनात म्हटलं, ही अजूनही त्यांनाच भिते. माणूस जाऊन सोळा वर्षं झाली तरी भिते.

मंगळवारी ऑफिसातून परस्पर तिच्याकडे गेले. रिसीव्हर झाकलेला. टीव्हीचा तोच पत्र्याचा आवाज, आणि आई डोळे बारीक करून ओठ वाचल्यासारखी बघत बसलेली. माझा तोल गेला. मी नको ते बोलले. म्हटलं, तुला कुणी काही करून दिलेलं सोसतच नाही. म्हटलं, तुला भीती कसली, ते तर गेले. आणि शेवटी, जे मी सदतीस वर्षं तोंडातून काढलं नव्हतं ते म्हटलं: तू तेव्हा एक शब्द बोलली असतीस माझ्या बाजूने तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं, पण तू आमटी वाढत राहिलीस.

आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. मग ती म्हणाली, “मी बोलले नाही?”

मी म्हटलं, नाही बोललीस.

आई उठली. गुडघे धरून, सावकाश. कपाटाजवळ गेली, कापड काढून खाली टाकलं, आणि रिसीव्हर चालू केला. कुठलं बटण दाबायचं हे तिने मला विचारलं नाही. मग तिने आवाजाच्या बटणावर हात ठेवला आणि ते फिरवत नेलं, फिरवत नेलं, इतकं की खिडकीची काच थरथरायला लागली. बातम्या चालल्या होत्या. त्या कल्लोळात ती दोन्ही स्पीकरच्या मध्ये माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि बोलायला लागली. तिचे ओठ हलताना दिसत होते, मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, एक हात वर गेलेला दिसत होता. मी तीन फुटांवर बसले होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. असं मिनिटभर चाललं असेल. मग तिने बटण खाली आणलं. आधी शून्यावर, मग रिसीव्हर बंद, तुम्ही धाकट्याला शिकवलेल्या क्रमाने.

“ऐकलंस?” तिने विचारलं.

मी मान हलवली, नाही म्हणून.

“तेच सांगत्ये.”

मग ती बसली आणि तिने सांगितलं. तुम्ही आम्हाला खाली खेळायला पाठवायचात तेव्हा काय व्हायचं ते. ती काही विचारायची, तिच्या बहिणीकडे जायचं, घरातल्या कशाबद्दल, माझ्याबद्दल, आणि तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. हात लांब करून बटण फिरवायचात. ती मोठ्याने बोलली की आणखी थोडं. ती थांबली की तुम्ही आवाज कमी करायचात. कधी हात उगारला नाहीत, शिवी दिली नाहीत, आणि खाली आम्ही लगोरी खेळताना म्हणत होतो, बाबा आज खुशीत आहेत. ते डिप्लोमाचं पत्र आलं तेव्हा चार दिवस रोज हेच चाललं. रोज संध्याकाळी. ती म्हणाली की चौथ्या दिवशी ती स्पीकरसमोर उभी राहून ओरडली, खालच्या मजल्यावर कळलं तर कळू दे म्हणून ओरडली, आणि कुणालाच कळलं नाही.

मला आठवलं. त्या आठवड्यात आईचा घसा बसला होता. तिच्या तोंडून नुसती हवा यायची. मी तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या होत्या. आणि बाबा, तुम्ही कामावरून येताना तिच्यासाठी ज्येष्ठमध आणि खडीसाखर आणली होतीत. मी तेव्हा तुमच्यावर चिडलेली असूनही मनात म्हटलं होतं, काही म्हणा, आईची काळजी आहे त्यांना. ती खडीसाखर मीही खाल्ली होती. तुम्हाला पक्कं ठाऊक होतं तो घसा कशाने बसला, आणि तुम्ही तो बरा करायला औषध आणलंत, पण ती काय म्हणाली ते ऐकलं नाहीत.

मी आईला विचारलं, काय म्हणाली होतीस त्यांना. ती म्हणाली, एवढं कुठे आठवतंय आता. मग थोड्या वेळाने, टीव्हीकडे बघत, “म्हटलं, ती तुमच्यापेक्षा हुशार आहे, तेच तुम्हाला सोसवत नाहीये. त्या स्पीकरच्या दिवशीच मला कळलं होतं.”

हे ते एक वाक्य. सदतीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते घरात बोललं गेलं होतं. मी खाली होते, दोन मजले खाली. आणि त्यानंतर मी तिला कधी विचारलं नाही. हाही हिशोब तुमच्या नावावर टाकावा असं वाटतं, पण तो तिथे बसत नाही. तुम्ही गेल्यावर सोळा वर्षं घरात कसलाच आवाज नव्हता, मी दर रविवारी तिच्यासमोर बसत होते, आणि मी विचारलं नाही. माझी आई मुकी होती असं धरून चालणं मला सोयीचं पडलं असणार. रागाला दोन माणसं असली की एकेकाच्या वाट्याला कमी येतो.

तुमच्या शेवटच्या महिन्यात दवाखान्यात रात्रंदिवस कोण बसलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. धाकटा दोनदा विमानाने येऊन गेला. मी कपडे बदलले, भांडं दिलं, पेज भरवली. बोलायला जमत होतं तोवर तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत की त्या वेळी माझं चुकलं. मी वाट बघत होते, हे मी कबूल करते. शेवटी शेवटी तुम्ही खूण करून मला जवळ बोलावलंत, मी कान तुमच्या तोंडाशी नेला, आणि तुम्ही विचारलंत, रिसीव्हर झाकलाय ना, दमट हवेने खराब होईल. मी म्हटलं, झाकलाय. तुम्ही डोळे मिटलेत. मी तेव्हा रडले आणि नर्सला वाटलं प्रेमाने रडतेय.

मी आईला म्हटलं, टाकून देऊ हे धूड. भंगारवाला येतो खाली. ती म्हणाली, टाकायचं कशाला, त्या वस्तूने काय केलंय, आवाज चांगला आहे त्याचा. “फक्त मी बोलायला लागल्ये की बंद करायचा,” एवढी अट तिने घातली. आता ती स्वतः लावते. सकाळी भजनं, दुपारी पाककृती, संध्याकाळी मालिका, आणि बटण तिच्या हातात. परवा शेजारीण सांगत होती की आजी, तुमचा टीव्ही फार मोठा असतो हो. आईने ऐकू न आल्यासारखं केलं. मी गेले की ती आधी आवाज शून्यावर आणते, मग रिसीव्हर बंद करते, मग बोलते. खूप बोलते. काही काही गोष्टी अशा सांगते की मला वाटतं, ह्या नसत्या कळल्या तर बरं झालं असतं. पण मी मध्ये बोलत नाही.

धाकट्याने फोनवर विचारलं, झालं का जोडून, कुणी लावून दिलं. मी म्हटलं, मी लावलं. तो म्हणाला, नाही पण वायरिंग कुणी केलं. मी पुन्हा म्हटलं, मी. त्याने टीव्हीचा विषय सोडला. मग म्हणाला, ती डाव्या स्पीकरची तारही तूच लावली होतीस ना, मी कधी बोललो नाही ते. मी म्हटलं, हो. तो सॉरी म्हणाला, आणि मला बरं वाटायला हवं होतं, पण मला एवढंच वाटलं की हे शब्द चुकीच्या माणसाच्या तोंडून आले.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. आईला वाचून दाखवणार नाही, तिला तुमच्याबद्दल आता काही ऐकायचं नाही, तिचं सांगून झालंय. तिला न सांगितलेली एक गोष्ट तेवढी लिहिते आणि थांबते. त्या रविवारी ऑक्सला वायर लावल्यावर आवाज स्वच्छ आला, तेव्हा मी वळून पाहिलं ते आईकडे नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. तुम्ही पहिल्या पाळीहून येऊन चपला काढत उभे असाल आणि तुम्हाला डावीकडचं, उजवीकडचं दोन्ही ऐकू गेलं असेल, अशा बेताने. त्रेपन्न वर्षांची बाई मी, मला सगळं माहीत होतं, तरी पाहिलं. आणि तेव्हा तुम्ही खरंच तिथे असतात, आणि नुसतं ‘बरं केलंस’ म्हणाला असतात, तर बाबा, मी ते घेतलं असतं.